माझा भाऊ कोणत्या रकान्यात आहे?

प्रति,
देशोदेशीचे वाहतूक मंत्री, आरोग्य मंत्री आणि त्यांच्यासाठी रस्त्यावरच्या मृत्यूंचे आकडे जुळवणारे अधिकारी

विषय: अपघातानंतर ३० दिवस उलटून मरणारी माणसं, आणि त्यांना वगळून होणाऱ्या देशादेशांतल्या तुलना

सप्रेम नमस्कार.

माझ्यासमोर टेबलावर दोन कागद आहेत. एक पोलिसांच्या नोंदीचा उतारा. त्यात माझ्या धाकट्या भावाच्या नावापुढे ‘गंभीर जखमी’ असं लिहिलंय. दुसरा त्याच्या मृत्यूचा दाखला. त्यात कारण दिलंय जंतुसंसर्गाचं. रस्ता, गाडी, अपघात यांतलं अक्षरही नाही. नाव तेच, जन्मतारीख तीच. एका कागदावर तो अजून जखमी आहे, दुसऱ्यावर आजारपणाने गेलेला आहे. गाडीच्या धडकेने मेला असं दोन्हींपैकी एकही कागद म्हणत नाही.

तो झेब्रा क्रॉसिंगवरून चालत होता. दुपारची वेळ, कोरडा रस्ता, लख्ख ऊन. गाडी वेगात होती. पुढचे ३७ दिवस तो अतिदक्षता विभागात होता. तीनेक आठवड्यांनी त्याने डोळे उघडले. तोंडात नळी, त्यामुळे बोलता येईना. बोटाने डोळ्यांभोवती गोल काढून त्याने चष्मा मागितला. त्याचा चष्मा पोलिसांकडे सीलबंद पिशवीत पडला होता. मी माझाच काढून त्याच्या डोळ्यांवर धरला. नंबर वेगळा, त्याने तोंड वेडंवाकडं केलं. त्या संध्याकाळी आम्हा सगळ्यांना वाटलं, आता सुटलो. मग फुप्फुसात संसर्ग झाला, तो रक्तात पसरला, आणि ३७व्या दिवशी तो गेला.

पुढच्या वर्षी अपघाती मृत्यूंचे आकडे जाहीर झाले. ‘मृत्यूंत घट’ असा मथळा होता. मी संबंधित कार्यालयात जाऊन विचारलं, यात माझा भाऊ आहे का? समोरचे गृहस्थ सभ्य होते. त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि एक रकाना दाखवला: ‘अपघातापासून ३० दिवसांत मृत्यू’. त्यात तो नव्हता. “सगळीकडे असंच मोजतात हो,” ते म्हणाले, “नाहीतर देशादेशांची तुलना करता येणार नाही.”

मी पेशाने हिशेबनीस आहे. दोन वह्या जुळल्या नाहीत तर त्या जुळेपर्यंत उठायचं नाही, हे माझ्या अंगवळणी पडलंय. म्हणून घरी येऊन मी देशोदेशीच्या वह्या वाचायला बसलो. तुलनेसाठी माझा भाऊ गाळला असेल तर ती तुलना तरी धड असावी, इतकीच अपेक्षा होती. ती धड नाही, म्हणून हे पत्र. उघडं लिहितोय, कारण बंद पाकिटातलं पत्र कोणत्या रकान्यात जातं हे मला आता ठाऊक आहे.

माझी पहिली तक्रार या ३० दिवसांबद्दलच आहे. आज बहुतेक देश हीच मुदत मानतात, आणि कुठेतरी रेघ ओढावी लागते हे मलाही कळतं. पण ती सगळ्यांनी एका वेळी ओढली नाही आणि सगळे तिच्या आत उभेही नाहीत. फ्रान्स २००४ संपेपर्यंत ६ दिवस मोजायचा. इटलीत एके काळी ७ दिवस होते. स्पेनमध्ये १९९३पर्यंत २४ तास. जपानचे पोलीस वर्षअखेरीला जो आकडा मोठ्याने सांगतात तो अजूनही २४ तासांचाच असतो: २०२३ साली २,६७८. त्याच वर्षाचा ३० दिवसांचा आकडा ३,२६३. म्हणजे ५८५ माणसं दुसऱ्या दिवसापासून तिसाव्या दिवसापर्यंत गेली. जपान दोन्ही आकडे छापतो, हे त्याच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. पण बातमी पहिल्याचीच होते, आणि जगभरच्या तक्त्यांत कोणता आकडा जाऊन बसेल ते तक्ता करणाऱ्याच्या घाईवर अवलंबून.

असे आकडे एका मापात आणण्यासाठी युरोपातल्या वाहतूक मंत्र्यांच्या परिषदेने काही गुणक ठरवले होते. २४ तासांच्या आकड्याला १.३०ने गुणायचं, ६ दिवसांच्या १.०९ने, ७ दिवसांच्या १.०८ने. आता जपानचे वरचे दोन आकडे घ्या आणि भागाकार करून पाहा. उत्तर १.२२ येतं, १.३० नाही. फ्रान्स स्वतःसाठी १.०५७ वापरायचा, ३० दिवसांवर आल्यावर तोच गुणक १.०६९ निघाला. हे चुकणारच होतं. जिथे रुग्णवाहिका १० मिनिटांत येते आणि अतिदक्षता विभागात जागा असते, तिथे माणूस पहिल्या दिवशी वाचतो आणि मरायचाच असला तर बाराव्या किंवा पस्तिसाव्या दिवशी मरतो. जिथे रुग्णवाहिकाच येत नाही तिथे तो रस्त्याच्या कडेलाच संपतो. एका खंडाच्या दवाखान्यांवरून काढलेला गुणक दुसऱ्या खंडाच्या मृतांना कसा लावता?

त्या यादीत शेवटी आणखी एक गुणक आहे, ०.९७. वर्षभराच्या मोजणीवरून ३० दिवसांच्या मोजणीवर यायचं असेल तर त्याने गुणायचं. साध्या भाषेत, वर्षभरात मरणाऱ्या दर शंभर माणसांपैकी तिघं ३० दिवसांनंतर मरतात. माझा भाऊ या तिघांतला. तीन टक्के म्हणजे किरकोळ फरक, असं कोणी म्हणेल. ज्या देशात वर्षाला १ लाख माणसं ३० दिवसांच्या आत मरतात तिथे हा किरकोळ फरक ३ हजारांचा असतो. वैद्यकीय उपचार जसे सुधारतील तशी माणसं जास्त दिवस तग धरतील. मग काही मृत्यू नुसते रेघेच्या पलीकडे सरकतील, आणि रस्ता तसूभरही न बदलता तुमचा आलेख खाली येईल.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. कितीतरी देशांत पोलिसांची वही आणि मृत्युनोंदणीची वही एकमेकींचं तोंड पाहत नाहीत. २०१६ सालासाठी चीनने कळवलेले मृत्यू ५८,०२२ होते. जागतिक आरोग्य संघटनेचा त्याच वर्षाचा अंदाज २ लाख ५६ हजारांच्या वर. भारताने २०२१ साठी १,५३,९७२ मृत्यू नोंदवले, तर संघटनेचा अंदाज साधारण २ लाख १६ हजार. अंदाज म्हणजे सत्य नव्हे, त्यात गणिती प्रतिमानं असतात आणि सरकारं त्यावर हरकत घेतात. घ्यावी. पण हरकत घेण्याचा एकच सरळ मार्ग आहे: दोन्ही वह्या शेजारी ठेवायच्या, नावानिशी जुळवायच्या आणि फरक का पडला ते लिहायचं. माझ्या धंद्यात कोणी निम्म्याहून जास्त तफावतीचा ताळेबंद आणला आणि वर म्हणाला, “तुमचा अंदाज आम्हाला मान्य नाही,” तर त्याला चहाही न विचारता परत पाठवतात.

हे काम अशक्य नाही. नेदरलँड्सचं सांख्यिकी खातं मृत्यूच्या कारणांची नोंद, अनैसर्गिक मृत्यूंची न्यायालयीन कागदपत्रं आणि पोलिसांची माहिती एकत्र जुळवून मग आकडा सांगतं. थायलंड हा काही श्रीमंत देश नाही आणि तिथले रस्तेही सुरक्षित नाहीत. तरी त्याने पोलीस, विमा आणि मृत्युनोंदणी अशा तीन ठिकाणची माहिती एकत्र आणली. इथे एक विचित्र गोष्ट होते. जो देश नीट मोजू लागतो त्याचा आकडा वाढतो, तो सुरक्षित देशांच्या यादीत खाली घसरतो आणि त्याच्या मंत्र्याला पत्रकार धारेवर धरतात. जो मोजतच नाही तो वर बसून राहतो. प्रामाणिकपणाला शिक्षा देणारी यादी तुम्ही सगळ्यांनी मिळून तयार केली आहे.

(स्वीडन २०१०पासून रस्त्यावरच्या आत्महत्या अधिकृत आकड्यातून वेगळ्या काढतो. त्यात मला गैर वाटत नाही, कारण तो तसं सांगून करतो. न सांगता वगळणाऱ्यांबद्दल माझं म्हणणं आहे.)

तिसरी तक्रार छेदाची. अंश मेलेल्या माणसांचा, तो वर सांगितलेल्या वाटांपलीकडे फारसा हलवता येत नाही. मग छेद हलवला जातो. लोकसंख्येच्या लाखामागे मृत्यू, नोंदलेल्या १० हजार वाहनांमागे मृत्यू, वाहनांनी कापलेल्या अंतरामागे मृत्यू. ज्या वर्षी जे माप सोयीचं ते पहिल्या पानावर. अमेरिका आणि ब्रिटन घ्या. २०२३ साली अमेरिकेत ४०,९०१ माणसं रस्त्यावर मेली, ब्रिटनमध्ये १,६२४. लोकसंख्येच्या हिशेबाने अमेरिकेत दर लाखामागे १२ च्या वर, ब्रिटनमध्ये अडीचच्या आत. म्हणजे पाचपट. आता अंतराने मोजा: अमेरिकेत दर अब्ज मैलांमागे १२.६, ब्रिटनमध्ये पाचच्या आसपास. पाचपटीची अडीचपट झाली. दोन्ही हिशेब खरे आहेत. दुसरा सांगतो की अमेरिकेतला प्रत्येक मैल तितका घातक नाही; पहिला सांगतो की तिथे माणसाला फार मैल गाडी चालवायलाच लावलं जातं. एकच सांगितला की अर्धं खोटं झालं.

वाहनांमागचा दर तर मला हिशेबातली लबाडीच वाटते. १९४९ मध्ये स्मीड नावाच्या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९३८ सालचे २० देशांचे आकडे घेऊन दाखवलं होतं की देशात गाड्या वाढल्या की दर गाडीमागचे मृत्यू घटत जातात, एकूण मृत्यू मात्र वाढतच राहतात. म्हणजे गाड्या विकल्या गेल्या की हा दर आपोआप सुधारतो. त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेणं म्हणजे पाऊस पडला म्हणून छत्रीवाल्याने श्रेय घेणं. त्यातही भंगारात गेलेल्या गाड्या नोंदवहीतून काढल्या नाहीत तर छेद आणखी फुगतो. आणि या मापात पायी चालणारा माणूस येतो कुठे? माझ्या भावाकडे त्या दिवशी कोणतंच वाहन नव्हतं.

यावरूनच चौथी. एकूण आकडा दाखवायचा आणि आत कोण मेलं ते शेवटच्या परिशिष्टात टाकायचं, ही पद्धत बंद करा. अमेरिकेत २००९ मध्ये ४,१०९ पादचारी मेले. २०२२ मध्ये साडेसात हजारांहून जास्त. गाड्यांतल्या एअरबॅगा पूर्वीपेक्षा जास्त, सुरक्षेच्या चाचण्यांत गाड्यांना मिळणारे तारे जास्त. गाडीच्या आत बसलेल्यासाठी सगळी काळजी घेतली गेली. बाहेरच्याच्या वाट्याला उंच, जड बॉनेट आणि सहा-सहा मार्गिकांचे रस्ते आले. जगभरात मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त माणसं पायी चालणारी, सायकलवरची किंवा दुचाकी-तीनचाकीवरची असतात. असं असताना दोन देशांची तुलना फक्त एकूण आकड्यावर करणं म्हणजे एक दवाखाना दुसऱ्यापेक्षा चांगला ठरवताना तिथे कोणते रोगी येतात हे न विचारणं.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त चीड येते तिच्याकडे वळतो. तुलना अंगावर आली की तुमच्यापैकी बरेच जण एकच वाक्य म्हणतात: “तिकडचे लोक शिस्तीचे आहेत, आमचे नाहीत.” भावाच्या बाबतीतही मला कोणीतरी हेच ऐकवलं, जणू त्याने झेब्रा क्रॉसिंगवरून चालणं हीच बेशिस्त होती.

शिस्तीचं उदाहरण म्हणून ज्यांची नावं घेतली जातात त्यांच्याच जुन्या वह्या काढा. जपानमध्ये १९७० साली १६,७६५ माणसं रस्त्यावर मेली, आणि तेही २४ तासांच्या मोजणीने. त्याच साली पूर्व आणि पश्चिम जर्मनी मिळून २१ हजारांवर. २०२३ मध्ये एकसंध जर्मनीत २,८३९. नेदरलँड्समध्ये १९७१ साली ३ हजारांहून जास्त मेले, त्यात ४०० हून जास्त मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, आंदोलनाचं नावच त्यांनी ‘बालहत्या थांबवा’ असं ठेवलं. डच लोक १९७१ मध्ये बेशिस्त होते आणि नंतर एकदम शिस्तीचे झाले, असं काही घडलं नाही. रस्ते बदलले. वस्तीतला वेग उतरवला, सायकलला वेगळी वाट दिली, चौक नव्याने बांधले.

स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये ठरवलं की माणूस चुकणारच, हे धरून रस्ता आखायचा. चूक झाली तरी जीव जाता कामा नये. मग त्यांनी समोरासमोर धडका होणाऱ्या रस्त्यांवर मधोमध तारेचे कठडे घातले आणि आळीपाळीने एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एक मार्गिका ठेवली. त्या रस्त्यांवरचे मृत्यू साधारण तीन चतुर्थांशांनी घटले. तार माणसाला शिस्त शिकवत नाही, ती फक्त समोरून येणाऱ्याला वाचवते. व्हिएतनामने डिसेंबर २००७ मध्ये सगळ्या दुचाकीस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं आणि बहुसंख्य डोक्यांवर ते अक्षरशः रातोरात दिसू लागलं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९७० मध्येच सीटबेल्टचा कायदा केला. स्पेनने २०२१ मध्ये वस्तीतल्या, प्रत्येक दिशेला एकच मार्गिका असलेल्या रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटरवर आणली. ऑस्लोत २०१९ साली एकही पादचारी किंवा सायकलस्वार गाडीखाली मेला नाही. ही यादी तुम्हाला पाठ आहे. तुमच्या परिषदांत हीच उदाहरणं पडद्यावर दाखवतात. परत गेल्यावर मात्र ‘जनजागृती सप्ताह’ होतो.

सरासरी वेग एक टक्का वाढला तर जीवघेण्या अपघाताची शक्यता चार टक्क्यांनी वाढते, हे जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षं सांगतेय. भावाला धडकलेल्या गाडीचा वेग किती होता हे मला नोंदीत सापडलं नाही. तो रकाना रिकामा आहे.

२०२१ साली जगात रस्त्यांवर सुमारे ११ लाख ९० हजार माणसं मेली. त्यांतली ९२ टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, जिथे जगातली साधारण ६० टक्के वाहनं आहेत. ५ ते २९ वर्षांच्या मुलामाणसांच्या मृत्यूचं हेच पहिलं कारण. संयुक्त राष्ट्रांच्या सभेत तुम्ही सगळ्यांनी हात वर करून २०३०पर्यंत हे मृत्यू निम्मे करायचं ठरवलं आहे. आधीच्या दशकात, २०१० ते २०२१ मध्ये, घट झाली ५ टक्के. उरलेल्या वर्षांत निम्मे मृत्यू रस्त्यावर कमी होतील की कागदावर, ही माझी भीती आहे, आणि ती निराधार नाही हे वर दाखवलंच आहे.

म्हणून माझ्या मागण्या मांडतो.

३० दिवसांची व्याख्या तुलनेसाठी राहू द्या. पण तिच्या शेजारी, त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत, वर्षभरात मरण पावलेल्यांचा आकडाही छापा.

पोलीस, रुग्णालयं, विमा आणि मृत्युनोंदणी यांच्या वह्या दरवर्षी जुळवा. जितकी माणसं एका वहीत आहेत आणि दुसरीत नाहीत, तितकी संख्या जाहीर करा. पहिल्या वर्षी ती लाजिरवाणी असेल. ज्या देशाने ती छापली त्याचं कौतुक करायची जबाबदारी आम्हा वाचणाऱ्यांची.

मृत्यूच्या दाखल्यात संसर्ग, मेंदूची सूज, निकामी झालेलं मूत्रपिंड यांच्या खाली एक ओळ सक्तीची करा: हे कशामुळे सुरू झालं? आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा नियम तोच आहे, मूळ कारण धरायचं. तो नियम दाखला भरणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोचवा.

दरवर्षी तीनही दर एकत्र द्या. एखादं माप बदललं तर मागची दहा वर्षं नव्या मापाने मोजून द्या. पायी, सायकल, दुचाकी, चारचाकी असे मृत्यू वेगवेगळे आणि पहिल्याच तक्त्यात दाखवा. लोक किती चालतात हे मोजायला सुरुवात करा. गाड्यांचे किलोमीटर मोजता येतात तर माणसांचेही येतील.

आणि जीवघेण्या अपघातात गाडीचा वेग नोंदवायचा रकाना रिकामा ठेवायला मनाई करा.

शेवटची मागणी माझी स्वतःची आहे. ज्या घरचा माणूस ३० दिवसांनंतर गेला त्या घराला नोंद दुरुस्त करून घ्यायची सोय ठेवा. एक अर्ज, एक खिडकी. तुमच्या जागतिक तक्त्यात तो आकडा गेला नाही तरी चालेल. पोलिसांच्या उताऱ्यावर त्याच्या नावापुढे ‘गंभीर जखमी’ लिहिलंय, तिथे ‘मृत’ लिहून तारीख घालून हवी आहे. दोन्ही कागदांच्या प्रती माझ्याकडे तयार आहेत. त्या कोणत्या पत्त्यावर पाठवायच्या ते कळवावं.

आपला,
एक हिशेबनीस, त्याचा थोरला भाऊ